दामदुपटीचा काळ : स्वाभाविक लॉगरिदमची समीकरणे आणि त्यांतील चुकांचा इतिहास

१

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा हे ज्ञानगंगेकाठचे गाव मुंबई-नागपूर लोहमार्गावर आणि वऱ्हाडच्या कापूस-प्रदेशात वसलेले आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, येथील कापसाला अपूर्व भाव आला. नांदुऱ्यानजीकच्या जलंब स्थानकापासून खामगावच्या कापूस-बाजारापर्यंत १८७० मध्ये स्वतंत्र लोहशाखा निघाली. कापसाच्या पिकासाठी पैसा आगाऊ लागतो, आणि आगाऊ पैसा व्याजाने मिळतो. त्यामुळे या प्रदेशातील ऋणकोला आणि धनकोला एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सारखाच महत्त्वाचा वाटत आला : उचललेली रक्कम दुप्पट केव्हा होणार?

प्रश्न साधा दिसतो, परंतु व्याज चक्रवाढीचे असल्यास त्यातील अज्ञात राशी घातांकाच्या जागी जाऊन बसते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार किंवा वर्गमूळ यांपैकी कोणत्याही क्रियेने ती तेथून खाली उतरत नाही. तिला खाली उतरविणारे साधन म्हणजे लॉगरिदम होय, आणि त्याचे आजचे शास्त्रीय रूप म्हणजे स्वाभाविक लॉगरिदम. हे साधन सिद्ध होण्यास दीर्घ काळ लागला. त्या वाटेवर थोर गणितज्ञ जेथे अडखळले, जवळजवळ तेथेच आजचा विद्यार्थीही अडखळतो. यास्तव त्याच्या चुका केवळ अनवधानाच्या मानणे योग्य नव्हे. त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच असून ते भाषेच्या अंगाने पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. लॉगरिदम नेमका कशाचा घेतला आहे, हे न ठरविता चिन्हे हलविणे हे ते मूळ होय.

२

‘दामदुपट’ हा शब्द मराठी व्यवहारात रूढ आहे. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, हा त्यामागील नियम धर्मशास्त्रातून आलेला असून मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तो आढळतो. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत तो मान्य केला. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध दंगे पसरले, आणि त्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यामुळे व्याजाचा हिशेब हा न्यायालयाच्या नित्य विचाराचा विषय बनला. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमातही मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करण्यास आणि चक्रवाढ व्याज घेण्यास सावकाराला मनाई आहे. प्राचीन दामदुपटीचे तत्त्व अशा रीतीने आजही कायद्यात वावरत आहे.

सरळ व्याजात दुपटीचा काळ काढण्यास त्रैराशिक पुरते. मनुस्मृतीने सांगितलेला दरमहा ऐंशीव्या भागाचा दर घेतल्यास ८० महिन्यांत, म्हणजे ६ वर्षे ८ महिन्यांत, व्याज मुद्दलाएवढे होते. शेकडा दरमहा २ या दराने हाच काळ ५० महिने होतो. चक्रवाढीत मात्र प्रत्येक महिन्याची रक्कम मागील रकमेच्या १.०२ पट होत जाते. न महिन्यांनंतर ती १.०२ च्या न-व्या घाताइतकी पट होते, आणि हा घात २ केव्हा होईल हे शोधावयाचे असते.

गावच्या व्यवहारात या प्रश्नाचे उत्तर पाठांतराने काढले जाई. पेरणीला घेतलेले एक मण धान्य सुगीला सव्वा मण करून परत देणे म्हणजे सवाई, आणि दीड मण देणे म्हणजे दिढी. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी यांचे पाढे घोकून घेत, त्याचे कारण हा व्यवहारच होता. सवाईचे धान्य थकत गेले तर तिसऱ्या सुगीस मुळाच्या १.९५३ पट आणि चौथ्या सुगीस २.४४१ पट होते. पाढ्यावरून एवढे समजते की, दुपटीची वेळ तीन आणि चार यांच्या दरम्यान आहे. त्यापुढे पाढा जात नाही.

हीच मर्यादा अतिप्राचीन काळीही जाणवलेली दिसते. पॅरिस येथील लूव्र संग्रहालयात असलेल्या एका बॅबिलोनी मृत्तिका-पट्टिकेवर दरसाल पंचमांश वाढीने रक्कम दुप्पट होण्याचा काळ विचारला आहे. तिसऱ्या वर्षाअखेर १.७२८ पट व चौथ्या वर्षाअखेर २.०७३६ पट या दोन मूल्यांमधील वाढ समप्रमाण धरून तेथे सुमारे ३.७८७ वर्षे हे उत्तर काढलेले आहे. लॉगरिदमने येणारे उत्तर ३.८०२ वर्षे आहे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखनिकाची चूक इतकीच अल्प होती.

भारतात आर्यभटाने ४९९ मधील आर्यभटीयात व्याजावरील व्याजाचा प्रश्न सोडविला, परंतु तेथे काळ दिलेला असून अज्ञात राशी महिन्याचे व्याज ही आहे. त्यामुळे वर्गसमीकरण येते आणि वर्गमूळाने सुटते. अज्ञात काळ हाच असता तर वर्गमूळ निरुपयोगी ठरले असते.

३

घातांक खाली उतरविण्याची कल्पना मात्र भारतीय वाङ्मयात निराळ्या ठिकाणी आढळते. षट्खंडागम या जैन ग्रंथावर वीरसेनाने नवव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या धवला टीकेत ‘अर्धच्छेद’ ही संज्ञा आहे. एखादी संख्या जितक्या वेळा निम्मी करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. ८ चे अर्धच्छेद ३ आणि ३२ चे ५. गुणाकाराचे अर्धच्छेद हे गुण्य व गुणक यांच्या अर्धच्छेदांच्या बेरजेइतके असतात, हा नियमही तेथे सांगितलेला आहे. आजच्या परिभाषेत हा २ या पायाचा लॉगरिदमच होय. त्रिकच्छेद आणि चतुर्थच्छेद या संज्ञा अनुक्रमे ३ आणि ४ या पायांसाठी आहेत.

वऱ्हाडच्या वाचकाला यात एक विशेष गोष्ट आहे. धवलेसह षट्खंडागमाचे संपादित प्रकाशन डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ पासून अमरावतीहून सुरू केले, आणि १९४२ मधील चौथ्या खंडात अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर निबंध लिहिला. अशा रीतीने दुपटीची भाषा बोलणारे हे प्राचीन गणित नांदुऱ्यापासून फार दूर नसलेल्या नगरातूनच आधुनिक विद्वानांच्या हाती आले. तथापि जैन आचार्यांचे प्रयोजन विश्वातील अतिविशाल संख्यांचे मापन हे होते. १.०२ सारख्या अपूर्णांकी संख्येचे अर्धच्छेद काढून व्याजाचा काळ ठरविण्याकडे ते वळले नाहीत.

युरोपात जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगरिदमचे कोष्टक प्रसिद्ध केले. ग्रीक ‘लोगोस’ (गुणोत्तर) आणि ‘अरिथ्मोस’ (संख्या) यांच्या समासातून त्याने हा शब्द घडविला. नेपियरच्या मूळ रचनेत शून्य हा लॉगरिदम १ चा नसून १,००,००,००० या संख्येचा होता. परिणामी ‘गुणाकाराचा लॉगरिदम म्हणजे लॉगरिदमांची बेरीज’ हा आज पाठ असलेला नियम त्याच्या कोष्टकात जसाच्या तसा लागू पडत नसे. १६१५ मध्ये हेन्री ब्रिग्ज एडिंबरोस जाऊन नेपियरला भेटला. १ चा लॉगरिदम शून्य आणि १० चा लॉगरिदम १ धरण्याची सोय त्यांच्या विचारविनिमयातून निघाली, व १६२४ मध्ये ब्रिग्जचे मोठे कोष्टक बाहेर पडले.

स्वाभाविक लॉगरिदमचा उगम व्यापाराच्या कोष्टकातून नव्हे, तर भूमितीतून झाला. सेंट-व्हिन्सेंटच्या ग्रेगरीने १६४७ मध्ये अतिपरवलयाखालील क्षेत्रफळांचा एक गुणधर्म दाखविला, आणि १६४९ मध्ये सारासा याने ती क्षेत्रफळे लॉगरिदमप्रमाणे वागतात हे ओळखले. निकोलस मर्केटरने १६६८ च्या ग्रंथात त्यांस ‘स्वाभाविक’ हे विशेषण लावले. १६८३ मध्ये याकोब बर्नुलीने व्याजाचाच प्रश्न घेतला : वर्षाला शेकडा १०० दराने व्याज क्षणोक्षणी मुद्दलात मिळविल्यास वर्षाअखेर किती होईल? उत्तर अनंतापर्यंत वाढत नाही, ते २ आणि ३ यांच्या दरम्यान राहते, असे त्याला आढळले. ती संख्या म्हणजे २.७१८२८… होय. ऑयलरने तिला ‘ई’ हे अक्षर दिले, आणि १७४८ मध्ये लॉगरिदम म्हणजे घातांक ही आजची व्याख्या रूढ केली. ‘ई’ चा कितवा घात घेतला असता दिलेली संख्या मिळते, हे सांगणारी संख्या म्हणजे तिचा स्वाभाविक लॉगरिदम. या लेखात त्यासाठी ‘लॉ’ हे अक्षर वापरले आहे.

हा लॉगरिदम ‘स्वाभाविक’ का, हे व्याजाच्या उदाहरणात सहज दिसते. लॉ(१.०२) ची किंमत ०.०१९८०२६ आहे, म्हणजे ती जवळजवळ दराइतकीच, ०.०२, आहे. लॉ(२) ची किंमत ०.६९३१४७ आहे. म्हणून ६९ ला शेकडा दराने भागले की दुपटीचा काळ अदमासे मिळतो. लुका पाचोलीने १४९४ मध्ये, लॉगरिदमच्या सव्वाशे वर्षे आधी, ७२ ला दराने भागण्याची रीत नोंदविली होती. ७२ ला पुष्कळ संख्यांनी निःशेष भाग जातो, हा तिचा व्यावहारिक लाभ होय.

मराठीत हे गणित एकोणिसाव्या शतकात आले. कर्नल जर्विस यांनी ऑगस्टस डी मॉर्गनच्या बीजगणिताचे भाषांतर शास्त्री-पंडितांच्या साहाय्याने सिद्ध केले. पुढे मराठीत ‘लॉगरिदम’ हा मूळ शब्दच रूढ झाला. ‘लघुगणक’ हा पर्याय ध्वनिसाम्य साधून गणन लघु करणारा असा अर्थ सुचवितो. तो सोयीचा असला तरी लॉगरिदम म्हणजे घातांक हे त्यातून कळत नाही.

४

दरमहा शेकडा २ चक्रवाढीने दुपटीचा काळ काढण्याचे समीकरण असे मांडता येते :

न × लॉ(१.०२) = लॉ(२)

म्हणून न = ०.६९३१४७ ÷ ०.०१९८०२६ = ३५.००३.

या एका ओळीत तीन प्रकारच्या चुका होतात. पहिली चूक भागाकाराची. विद्यार्थी लॉ(२) भागिले लॉ(१.०२) याऐवजी लॉ(२) वजा लॉ(१.०२) असे लिहितो आणि त्याला ०.६७३ हे उत्तर मिळते. त्याने नियम चुकीचा पाठ केलेला नसतो. ‘भागाकाराचा लॉगरिदम’ आणि ‘लॉगरिदमांचा भागाकार’ या दोन भिन्न गोष्टी त्याने एक मानलेल्या असतात. चिन्हांत हा भेद केवळ कंसाच्या जागेचा आहे. मराठीत तो षष्ठी विभक्तीने उघड होतो, कारण कोण कोणाचा हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरेच होत नाही. वर्गाचा लॉगरिदम आणि लॉगरिदमचा वर्ग, बेरजेचा लॉगरिदम आणि लॉगरिदमांची बेरीज, या जोड्यांचेही तसेच आहे. यांपैकी ‘बेरजेचा लॉगरिदम’ काढण्यास साधा नियम नाही, म्हणूनच लिओनेली आणि त्यानंतर १८१२ मध्ये गाउस यांनी त्या कामासाठी वेगळी कोष्टके योजिली. नियम अस्तित्वात असता तर त्या श्रमांचे प्रयोजन राहिले नसते.

दुसरी चूक पाया बदलण्याची. अंशात १० या पायाच्या कोष्टकातील २ चा लॉगरिदम, म्हणजे ०.३०१०३, आणि छेदात स्वाभाविक लॉगरिदम घेतल्यास १५.२ महिने असे उत्तर येते. दोन्ही ठिकाणी पाया एकच असेल तर तो कोणताही चालतो, पण मिश्रण चालत नाही. १,००० रुपयांचे १५ महिन्यांनंतरचे खरे देणे सुमारे १,३४६ रुपये असताना ते २,००० रुपये समजले गेले, तर ऋणकोची हानी उघड आहे.

तिसरी चूक पूर्णांक करण्याची. ३५.००३ चे ३५ करण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु ३५ महिन्यांनी १०० रुपयांचे १९९ रुपये ९९ पैसे होतात. मासिक हिशेबात दुपटीची मर्यादा ३५ व्या महिन्यात नव्हे, ३६ व्या महिन्यात ओलांडली जाते. प्रश्न ‘किती महिन्यांनी पूर्ण होते’ असा असता उत्तर नेहमी वरच्या पूर्णांकात द्यावे लागते.

५

हप्त्याचे समीकरण याहून बोधप्रद आहे. १,००० रुपये कर्ज, दरमहा शेकडा २ चक्रवाढ, आणि ऋणको दरमहा ३० रुपये फेडतो असे समजा. न महिन्यांनंतरची बाकी १,५०० वजा १.०२ च्या न-व्या घाताची ५०० पट इतकी येते. कर्ज फिटले म्हणजे बाकी शून्य, म्हणून ५०० गुणिले तो घात बरोबर १,५००.

येथे लगेच लॉगरिदम घेऊन न × लॉ(५१०) = लॉ(१,५००) असे लिहिणारे पुष्कळ असतात. त्यांचे उत्तर १.१७ महिने येते, म्हणजे १,००० रुपयांचे कर्ज ३० रुपयांच्या दोन हप्त्यांच्या आतच फिटते! घात १.०२ चा आहे, ५०० चा नाही. येथेही चूक ‘कशाचा’ या प्रश्नाचीच होय. प्रथम ५०० ने भागून घात एकटा करावा, तो ३ येतो. मग न = लॉ(३) ÷ लॉ(१.०२) = १.०९८६१२ ÷ ०.०१९८०२६ = ५५.४८. म्हणजे ५५ पूर्ण हप्ते आणि छप्पन्नावा अपुरा.

हाच ऋणको महिन्यास २० रुपयेच देऊ लागला तर ते केवळ व्याजाइतके होतात, आणि बाकी कायम १,००० राहते. समीकरणातून न नाहीसाच होतो. १५ रुपये दिल्यास बाकी ७५० अधिक घाताची २५० पट अशी येते. ती शून्य व्हावयाची तर १.०२ चा न-वा घात −३ असावा लागतो.

या ठिकाणी विद्यार्थी ऋणचिन्ह लेखनदोष समजून सोडून देतो, आणि लॉ(३) घेऊन ५५.४८ महिने हे उत्तर लिहितो. ३० रुपये देणाऱ्याचे आणि १५ रुपये देणाऱ्याचे कर्ज एकाच दिवशी फिटते, असा त्याचा अर्थ होतो. ही चूक लहान मुलाचीच आहे असे नाही. १७१२-१३ मधील लाइबनित्स आणि योहान बर्नुली यांच्या पत्रव्यवहारात नेमका हाच वाद आहे. ऋण संख्येचा लॉगरिदम तिच्या धन रूपाच्या लॉगरिदमइतकाच असतो, असे योहान बर्नुलीचे मत होते. −३ चा वर्ग व ३ चा वर्ग एकच, वर्गाचा लॉगरिदम मूळच्या दुप्पट, म्हणून दोहोंचे लॉगरिदम समान, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय होता. लाइबनित्सला ते मान्य नव्हते. १७४९ मध्ये ऑयलरने निर्णय दिला की ऋण संख्येचे लॉगरिदम असंख्य असतात, पण त्यांपैकी एकही वास्तव संख्या नसतो. महिने वास्तव संख्येतच मोजावयाचे असल्याने या समीकरणाला उत्तर नाही. व्यवहाराच्या भाषेत, हे कर्ज कधीच फिटणार नाही.

योहान बर्नुलीच्या युक्तिवादातील दोष पाठ्यपुस्तकातील नेहमीच्या उदाहरणातही दिसतो. लॉ(क्ष) + लॉ(क्ष − ३) = लॉ(१०) हे समीकरण वर्गसमीकरण करून सोडविले की ५ आणि −२ अशी दोन मूल्ये मिळतात. परंतु मूळ समीकरणात क्ष चा लॉगरिदम घेतला असल्याने क्ष धन असणे, आणि क्ष − ३ ही धन असणे आवश्यक आहे. म्हणून −२ त्याज्य आहे. तेच समीकरण लॉ(क्ष × (क्ष − ३)) = लॉ(१०) असे दिले असते तर दोन्ही मूल्ये ग्राह्य ठरली असती. उलट लॉ(क्ष चा वर्ग) याला २ × लॉ(क्ष) करून टाकल्यास एक खरे मूल्य हरवते. बेरीज एकत्र केल्याने मूल्ये वाढतात आणि घात बाहेर काढल्याने घटतात. यास्तव मिळालेले प्रत्येक मूल्य मूळ समीकरणात घालून तपासणे हा उपचार नसून सिद्धतेचाच भाग होय.

६

वरील विवेचनावरून एक कार्यपद्धती निघते. घातांकातील अज्ञात राशी असलेल्या समीकरणात आधी घात एकटा करावा. तो धन आहे की नाही हे लॉगरिदम घेण्यापूर्वीच पाहावे. मग दोन्ही बाजूंस एकाच पायाचा लॉगरिदम घ्यावा. लॉगरिदमांचा भागाकार भागाकार म्हणूनच करावा, आणि उत्तराचा अर्थ प्रश्नाच्या भाषेत परत वाचावा. चिन्हांचे वाक्य मोठ्याने मराठीत उच्चारले असता ‘कशाचा लॉगरिदम’ याचे उत्तर द्यावेच लागते, आणि बहुतेक चुका तेथेच थांबतात.

१५ रुपये फेडणाऱ्या ऋणकोचे काय होते, हे शेवटी पाहणे उचित होय. त्याची बाकी मुद्दलाच्या दुप्पट, म्हणजे २,००० रुपये, होण्यासाठी १.०२ चा न-वा घात ५ असावा लागतो. या वेळी उजवी बाजू धन आहे. न = लॉ(५) ÷ लॉ(१.०२) = १.६०९४३८ ÷ ०.०१९८०२६ = ८१.२७. म्हणजे ८२ व्या महिन्यात थकलेले व्याज मुद्दलाच्या पुढे जाते. तोवर त्याने दरमहा १५ रुपये याप्रमाणे १,२०० रुपयांहून अधिक रक्कम दिलेली असते, आणि तरीही मुद्दलाच्या दुप्पट देणे शिल्लक असते. बीजगणिताला या कर्जाचा शेवट सापडत नाही. व्याजाचा शेवट करण्यासाठी धर्मशास्त्राने आणि पुढे कायद्याने घातलेली मर्यादा म्हणजेच दामदुपट. ती मर्यादा कोणत्या महिन्यात येते, हे मात्र लॉगरिदमच सांगतो.